पिठलं, भाकरी आणि व्हॅक्युम क्लीनर

आमच्या घरी पिठलं सोफ्यावर लोळतं आणि भाकरी पायपुसण्यावर. दचकू नका. पिठलं म्हणजे आमचा बोका, रंग अगदी बेसनाचा. आणि भाकरी म्हणजे कुत्री. गोलमटोल, पांढरी, अंगावर मध्येमध्ये करपल्यासारखे डाग, सोसायटीच्या गेटवरून उचलून आणलेली अस्सल गावठी. बोका माझा, कुत्री नवऱ्याची, दोघंही लग्नाच्या आधीपासूनची. लग्न ठरवताना आम्ही पत्रिका बघितल्या नाहीत, पण या दोघांच्या गाठीभेटी मात्र तीनदा घडवून आणल्या. (पहिल्या भेटीत पिठलं जे फ्रिजवर जाऊन बसलं, ते रात्री दहालाच खाली उतरलं.)

सगळं मस्त चाललं होतं. मग नवऱ्याच्या शिंका सुरू झाल्या. एक-दोन नाही बॉस, उठल्याबरोबर ओळीनं बारा-पंधरा. पाठोपाठ नाक चोंदलेलं, डोळे लालबुंद. ऑफिसमध्ये लोक 'रात्रभर पार्टी का?' म्हणून विचारायला लागले. गेल्या पावसाळ्यात त्यात आणखी भर पडली. रात्री झोपला की छातीतून बारीक शिट्टी वाजायची. लहानपणी त्याला बाळदमा होता, दहावीच्या सुमाराला तो गेला, असं घरात सगळे धरून चालले होते. जुलैतल्या एका रात्री अडीच वाजता आम्ही कोथरूडच्या रस्त्यावर रिक्षा शोधत उभे होतो, कारण त्याला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. 'पाणी' म्हणायला दोन श्वास लागत होते. दवाखान्यात नेब्युलायझर लावल्यावर अर्ध्या तासानं तो पहिलं पूर्ण वाक्य बोलला, "भाकरीला फिरवून आणायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. "अगं, ते मांजर देऊन टाक कुणाला तरी." कुत्रीबद्दल अवाक्षर नाही! ती त्यांच्या लेकाची ना. मी 'हो आई, बघते' म्हटलं. त्यांचं चूक होतं असंही नाही. मुलाला रात्री-अपरात्री श्वास लागलेला त्यांनी आठ-दहा वर्षं पाहिलाय, आणि मी एक रात्र.

पण पिठलं माझ्याकडे सहा वर्षं आहे. पहिल्या नोकरीपासून, पहिल्या कॉट-बेसिसपासून. त्याला 'देऊन टाकणं' म्हणजे जुना सोफा देऊन टाकणं नव्हे. म्हणून आधी नीट तपासणी करू, असं ठरलं.

ॲलर्जीची स्किन प्रिक टेस्ट तुम्ही केली नसेल तर सांगते, नाव ऐकून वाटतं तेवढी ती भयंकर नसते. हातावर पेनानं आकडे लिहितात, प्रत्येक आकड्याशेजारी एकेका अर्काचा थेंब टाकतात, आणि थेंबातून सुईचं टोक जेमतेम टोचतात. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. हेच काय ते अवघड. ज्याची ॲलर्जी, त्याच्याशेजारी डास चावल्यासारखी गांध उठते. डॉक्टर ती पट्टीनं मोजतात, आणि नुसत्या साध्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी असली की पॉझिटिव्ह. आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर हात गपगार राहतो आणि टेस्ट फुकट.

नवऱ्याच्या हातावर सगळ्यात मोठी गांध कुणाची उठली? मांजराची नाही! हाउस डस्ट माइटची. दुसरा नंबर मांजराचा. झुरळाची एक मध्यम, कुत्र्याची अगदी किरकोळ, आणि गाजरगवताची बऱ्यापैकी. (ते तर पुण्याचंच देणं. भारतात या गवताची पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली. आपण जगाला काय काय दिलं याच्या यादीत हे कुणी धरत नाही.)

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नाकाचा स्प्रे आणि इनहेलर रोज घ्यायचा, बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही. बेडरूममध्ये प्राणी नकोत. गादी-उश्यांना घट्ट विणीची, चेनवाली कव्हरं. चादरी गरम पाण्यात. घरातला कोरडा झाडू बंद, चांगल्या फिल्टरचा व्हॅक्युम क्लीनर घ्या. चार महिन्यांनी या." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "तोवर फरक पडला नाही तर मांजराबद्दल बोलावं लागेल."

म्हणजे पिठल्याकडे चार महिने होते आणि माझ्याकडे खरेदीची एक यादी. त्यातला स्प्रे मेडिकलमध्ये मिळाला, कव्हरं मागवली, आणि व्हॅक्युम क्लीनरनं मात्र माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले.

आधी शत्रू समजून घेऊ. मांजराचे केस हा खरा व्हिलन नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन असतं, शास्त्रज्ञ त्याला 'फेल डी वन' म्हणतात. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, लाळ अंगावर वाळते, तिचे आणि कोंड्याचे सूक्ष्म कण हवेत उडतात. त्यातले बारीक कण तासन्‌तास खालीच बसत नाहीत. आणि ते चिकटतात. कपड्यांना, पडद्यांना, भिंतींना. ज्या घरांत कधी मांजर नव्हतं तिथल्या धुळीतही ते सापडतात, कारण मांजरवाल्यांच्या कपड्यांवरून ते सगळीकडे फिरतात. मांजर घरातून गेलं तरी पुढे कित्येक महिने ते घरात राहतात. ही माहिती मी सासूबाईंना जरा जास्तच उत्साहानं दिली. पर्शियन घ्या, अमुक जातीचं घ्या, त्यानं ॲलर्जी होत नाही, असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. हे प्रथिन कमीजास्त प्रमाणात सगळ्याच मांजरांत असतं. नसबंदी न केलेल्या बोक्यांत ते जास्त असतं. पिठल्याचं ते काम उरकलेलं आहे, त्यामुळे तेवढे मार्क त्याला.

माइट्सची गोष्ट वेगळी. मिलिमीटरचा तिसरा हिस्सा एवढा जीव, आपल्या कातडीचा कोंडा खातो आणि पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा शोषतो. म्हणून जुलैतलं पुणे म्हणजे त्यांची चंगळ, आणि मुंबईत तर जवळजवळ बारमाही सीझन. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. आजी मे महिन्यात गाद्या गच्चीवर टाकून काठीनं बडवायची ना, त्यात दम होता. कडक ऊन आणि कोरडेपणा माइट्सना सोसत नाही. मेलेले माइट्स आणि त्यांची घाण मात्र गादीतच राहते, आणि बडवताना बरीचशी बडवणाऱ्याच्या नाकात जाते.

आता झाडू. कोरड्या फरशीवर झाडू मारला की मोठा केर सुपलीत येतो आणि बारीक धूळ हवेत. ऊन तिरकं येत असताना झाडणाऱ्याच्या मागे उभे राहा, दिसतं. आपलं नशीब एवढं की आपल्याकडे टाइल्स आहेत. परदेशात डॉक्टर आधी घरातले गालिचे काढायला लावतात, आपण ती लढाई न लढताच जिंकलेली आहे. टाइल्सना ओलं फडकं उत्तम. म्हणजे आपल्याला मशीन हवंय ते मुख्यतः गादी, सोफा, पडदे आणि पलंगाखालच्या त्या प्रदेशासाठी, जिथे भाकरीच्या केसांचे गोळे वाऱ्याबरोबर फिरत असतात. हा मुद्दा पक्का डोक्यात ठेवून दुकानात जा. दुकानदार तुम्हाला फरशीवर सांडलेले तांदूळ ओढून दाखवणार. तांदूळ काय, तोंडानंही ओढले जातील!

पहिला डेमो घरीच झाला. टाय लावलेला एक चुणचुणीत मुलगा आला. घरी येऊन मशीन दाखवायची आणि विकायची ही पद्धत आपल्याकडे १९८०च्या दशकात रुजली. आमच्या आईनं तेव्हा असा एकाला चहा पाजून रिकाम्या हाती पाठवल्याचं ती अजून सांगते. या मुलानं आमच्या गादीवर नळी फिरवली, मध्ये एक काळं फडकं लावलं होतं, आणि मग ते उघडून नाट्यमय पॉज घेत म्हणाला, "मॅडम, रोज रात्री सर यावर झोपतात." फडक्यावर पांढरट पावडर. नवऱ्याचा चेहराही तसाच.

जाम इफेक्टिव्ह, मान्य. पण ती पावडर कुणाच्याही गादीतून निघते. कातडीचा कोंडा, कापसाचे तंतू, धूळ. मशीन आत ओढतं हे त्यातून कळलं. मागून बाहेर काय टाकतं ते नाही कळलं. आणि ॲलर्जीवाल्या घरात खरा प्रश्न तो आहे. म्हणून मी दिवे घालवले, पडदे ओढले, आणि मोबाइलचा टॉर्च मशीनच्या मागच्या जाळीसमोर धरला. झोतात धुळीचं कारंजं! मुलगा म्हणाला, "मॅडम, असं कुणी बघत नाही." टॉर्चच्या उजेडात दिसतात ते मोठे कण, सूक्ष्म कणांचा हिशेब त्यातून लागत नाही, हे खरं. पण मोठेच निसटत असतील तर बारक्यांबद्दल काय बोलायचं? ही टेस्ट फुकट आहे आणि कुठल्याही शोरूमच्या कोपऱ्यात करता येते. लाजू नका.

मागून काय बाहेर पडतं, याला उत्तर म्हणजे फिल्टर, आणि इथे सगळ्या डब्यांवर एकच शब्द छापलेला असतो, हेपा. हा फिल्टर मुळात १९४०च्या दशकात अमेरिकेत अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवायला बनवला गेला. अमेरिकन व्याख्येप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवले तर तो हेपा. युरोपात इयत्ता आहेत, एच-१३ म्हणजे ९९.९५ टक्के. आता ०.३च का? त्याहून बारीक कण सुटत असतील ना? मला पडलेला हाच प्रश्न, आणि उत्तर भारी आहे. गर्दीच्या वेळचा लक्ष्मी रोड डोळ्यांपुढे आणा. बस मोठी, तिला वळताच येत नाही, ती अडकते. आईचा हात सोडून भिरभिरणारं पोर सरळ चालतच नाही, इकडेतिकडे करता करता कुणाला तरी धडकतं, तेही अडकतं. निसटतो कोण? ॲक्टिव्हावाला! मधल्या मापाचा. फिल्टरच्या तंतूंतही मोठे कण आदळून अडकतात, अतिबारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भिरभिरत तंतूंना चिकटतात, आणि ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण सगळ्यात चलाख. म्हणून परीक्षा त्याची घेतात.

पण डब्यावर 'हेपा टाइप', 'हेपा लाइक', 'हेपा टेक्नॉलॉजी' असं काही दिसलं की सावध. 'पैठणी टाइप' साडी असते तसलंच हे. इयत्ता लिहिलेली हवी, एच-१३ वगैरे. आणि दुसरं, फिल्टर कितीही सरस असला तरी मशीनच्या झाकणाला रबरी सील धड नसेल तर हवा फिल्टरला वळसा घालून फटीतून बाहेर पडते. दुकानात मशीन चालू करून सांध्यांवरून हात फिरवा. हवा फक्त तिच्या ठरलेल्या जाळीतूनच यायला हवी.

वॅटचा फंडा तर फारच मजेशीर. 'दोन हजार वॅट, मॅडम!' हे असं सांगतात की जणू काही ती मशीनची पदवी आहे. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, काम किती करतं ते नव्हे. युरोपियन युनियननं व्हॅक्युम क्लीनरच्या वॅटवर मर्यादाच आणली, २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये थेट ९००, आणि तिकडचे गालिचे त्यानंतरही साफ होतातच आहेत. दुसरा आकडा किलोपास्कलचा. तो नळीचं तोंड बंद असताना मोजतात. उसाच्या रसाची स्ट्रॉ बोटानं बंद करून ओढली तर गाल आत जातात, जोर भरपूर, पण रस शून्य. केर वाहून नेते ती हवा, त्यामुळे हवेचा प्रवाहही तेवढाच महत्त्वाचा. हे दोन्ही मिळून 'एअर वॅट' नावाचा आकडा बनतो. तो दिलेला असेल तर तुलना त्यावर करा. तो नसेल तर मी आपली साधी पद्धत वापरली. बॅगेत पिठल्याच्या आवडत्या उशीचा अभ्रा घेऊन फिरले आणि प्रत्येक दुकानात म्हटलं, यावरचे केस काढून दाखवा. बऱ्याच दुकानांत इथेच गप्पा संपल्या.

कारण कापडात विणले गेलेले केस नुसत्या ओढीनं निघत नाहीत. त्यांना फिरता ब्रश लागतो, मोटरवर चालणारा. सोफा-गादीसाठी त्याचं छोटं हेड वेगळं मिळतं, ते सोबत आहे का, हे विचारा. त्या ब्रशला केस गुंडाळले जातात आणि दर आठवड्याला कात्रीनं कापून काढावे लागतात, हेही कुणी आपणहून सांगत नाही. (फुकटातला उपाय हवा असेल तर भांडी घासायचे रबरी हातमोजे ओले करून सोफ्यावरून एकाच दिशेनं हात फिरवा. केसांची अख्खी वात हातात येते. पाहुणे दारात असताना याच्याइतकं जलद काही नाही.)

मग बॅगवालं की बिनबॅगेचं? हल्ली सगळीकडे पारदर्शक डबेवाली मशीन्स. केर साठताना दिसतो, फार समाधान वाटतं, मान्य. पण तो डबा कचऱ्यात उपडा करताना जो ढग उठतो, त्यात आपण पकडलेलं सगळं परत सुटतं. ॲलर्जीच्या घरात बंद तोंडाची कापडी-कागदी बॅग बरी, काढायची आणि फेकायची. खर्च वाढतो, खरंय. म्हणून मशीन घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून दोनच प्रश्न विचारा. बॅग केवढ्याला, आणि आत्ता स्टॉकमध्ये आहे का? एका मशीनवर माझं जवळजवळ शिक्कामोर्तब झालं होतं. सेंटरवाल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "ऑर्डर टाकली की दीड-दोन महिन्यांत येते." राम राम! तपकीर गल्लीत एका रिपेअरवाल्यानं मला अशा बॅगेविना पडलेल्या मशीन्सची चळतच दाखवली. मोटर सगळ्यांची ठणठणीत.

बाकीचे प्रकार भराभर. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारे ड्रमवाले दणकट असतात, गाडीसाठी, सांडलेल्या पाण्यासाठी छान, पण अनेकांत फिल्टर जाडाभरडा असतो, ते बघून घ्या. पाण्याच्या फिल्टरवाल्यात केर बुडतो हे दिसतं, पण अतिबारीक धूळ बुडबुड्यांतून निसटू शकते, आणि ते गढूळ पाणी त्याच दिवशी टाकलं नाही तर पावसाळ्यात वास मारतं. कॉर्डलेस रोजच्या वरवरच्या कामाला झकास, गादीचं काम निघालं की बॅटरी मान टाकते. रोबोवर माझा सॉलिड जीव होता. पलंगाखाली गोल गोल फिरतो, केस गोळा करतो, भाकरी त्याच्यावर भुंकते, सगळं कसं सिनेमातल्यासारखं. पण रोबो सोफ्यावर चढत नाही, गादीवरही नाही. शिवाय बाणेरच्या एका मैत्रिणीकडे पपीनं हॉलमध्ये शी केली आणि रोबो ठरल्या वेळी कामाला लागला. त्यानं अख्खा हॉल, पॅसेज आणि किचनचा उंबरठा इमानेइतबारे सारवला. अडथळा ओळखणारे कॅमेरेवाले रोबो आता मिळतात, पण ते चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

या सगळ्या शोधात एका माणसाची गोष्ट सापडली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक झाडूवाला होता, एका मोठ्या दुकानात रात्री साफसफाई करायचा. त्याला दमा. तिथलं झाडायचं यंत्र धूळ उडवायचं आणि त्याची छाती भरून यायची. १९०७ मध्ये त्यानं पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून केर ओढणारं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते हूवर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्यानं विकत घेतलं. त्याआधी लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथनं १९०१ मध्ये घोडागाडीवरचं अवाढव्य यंत्र काढलं होतंच, पण घरात हातानं ढकलता येणारी वीजेवरची जी मशीन पुढे जगभर गेली, ती एका दमेकरी झाडूवाल्याच्या उशीच्या अभ्र्यातून आली. मी दुकानादुकानांतून अभ्रा घेऊन हिंडत होते, त्यामुळे हा गृहस्थ मला एकदम घरचाच वाटला.

झाडू मारणाऱ्यांच्या छातीचं काय, हा प्रश्न आमच्या घरातही निघाला. अखेर मशीन घेतलं. जमिनीवर ओढत न्यायचं, बॅगवालं, एच-१३, सोबत मोटरचा छोटा ब्रश. किंमत आमच्या एका महिन्याच्या भाड्याच्या आसपास. फ्रीलान्सरचे चेक कधी येतात हे सुज्ञांना माहीत आहे, तेव्हा हप्ते. घरी आणलं तर मावशी रुसल्या. "ताई, माझं झाडणं आवडंना झालं का?" मी म्हटलं, तसं नाही हो, याच्या दम्यासाठी. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मला बी खोकला हाय की. पाच घरं झाडतीया." दोन वर्षं त्या आमच्याकडे येतात. पदर तोंडावर घेऊन झाडतात, ते मी रोज पाहते. ॲलर्जीच्या टेस्टचा खर्च मावशींसाठी कुणी करत नाही. आता आमच्या घरी त्या मास्क लावून मशीन फिरवतात, आणि बाकीच्या चार घरी पदर.

नवऱ्याला मात्र मशीनला हात लावायची बंदी. व्हॅक्युम चालू असताना आणि नंतर थोडा वेळ ॲलर्जीवाल्यानं त्या खोलीत थांबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानं केरवाऱ्यातून सुटलेला हा पहिला नवरा असेल! शनिवारी सकाळी मी खिडक्या उघडून गादी-सोफा उरकते, तेव्हा तो भाकरीला घेऊन टेकडीवर जातो आणि तासाभरानं येतो. बदल्यात भांडी त्याच्याकडे. चादरी आठवड्याला साठ डिग्रीच्या पाण्यात, त्या तापमानाला माइट्स मरतात. नुसत्या व्हॅक्युमनं जिवंत माइट्स फारसे निघत नाहीत, गादीचे तंतू धरून बसतात ते. निघते ती त्यांची घाण. आवाजाचं म्हणाल तर पिठल्यानं पहिले दोन शनिवार कपाटावर काढले. भाकरीनं मशीनला एकदा हुंगलं आणि सोडून दिलं.

खरी किंमत पिठल्यानं मोजली ती बेडरूमच्या दाराची. सहा वर्षं माझ्या पायाशी झोपलेला बोका पहाटे पाचला दारावर नखं घासतो. मी आतून ऐकत पडून राहते. पहिल्या महिन्यात शिंकांतही काही फरक नव्हता, तेव्हा ते ऐकणं फारच जड गेलं.

खंडेनवमीला सासूबाई आल्या. घरातल्या सुऱ्या, कात्र्या, माझा लॅपटॉप असं सगळं पाटावर मांडलं होतं. त्यांनी व्हॅक्युमच्या नळीलाही झेंडूचं फूल खोचलं. पिठलं शेजारी येऊन बसलं, तेव्हा त्याला 'हड' म्हणाल्या नाहीत, एवढंच.

मी फ्रिजवर कॅलेंडर लावून ठेवलंय. ज्या रात्री त्याला उठून निळा इनहेलर घ्यावा लागतो, तिथे फुली. जुलैत अकरा फुल्या होत्या. ऑगस्टमध्ये नऊ, सप्टेंबरात पाच, ऑक्टोबरात दोन. दिवाळीच्या फटाक्यांनी नोव्हेंबरात पुन्हा तीन. यात व्हॅक्युमचा वाटा किती, स्प्रेचा किती, कव्हरांचा किती आणि पावसाळा संपला त्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, "सगळं एकत्रच चालू ठेवा. मला पुढचा पावसाळा बघायचाय." फुंकायची टेस्ट आधीपेक्षा चांगली आली. औषध आहे तेच ठेवलंय, मार्चमध्ये पुन्हा बोलावलंय.

"आणि मांजर?" मी विचारलं.

"मार्चमध्ये बघू."

घरी येताना पाच बॅगांचं पाकीट घेऊन आले. महिन्याला एक पुरते.